मागचं गेट बंद होतं

त्या रविवारी सकाळी मी उपमा परतत होते आणि हातातलं उलथनं निसटून फरशीवर पडलं. उचलायला वाकले तर उजवा हात पुढे येईना. दुखत नव्हता, मुंग्याही नव्हत्या. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा नुसता लोंबत होता. पहिला विचार आला तो उपमा खाली लागेल हा. डाव्या हातानं मी गॅस बंद केला. आजही त्या एका गोष्टीचा मला अभिमान वाटतो.

माझी मुलगी गार्गी तेव्हा अकरावीत होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसली होती. मी हाक मारली, "गार्गी, उलथनं उचल गं." माझ्या मते मी अगदी स्वच्छ बोलले होते. तिच्या कानावर मात्र जड जिभेचं काहीतरी गेलं, आणि दिल्लीत वाढलेल्या पोरीला 'उलथनं' हा शब्द मुळात ठाऊकच नव्हता.

"क्या उठाऊँ, मम्मा?" म्हणत ती हसत आत आली. माझ्याकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"मम्मा, तुझा मुँह टेढ़ा झालाय."

मी तिला सांगायला गेले, 'शेजारच्यांना बोलाव.' शेजारी म्हटल्यावर मनात हिंदी वाक्य यायला हवं होतं. इतक्या वर्षांची सवय. पण आत हात घातला तर तिथे काही नव्हतंच. हिंदी नाही, इंग्रजी नाही. फक्त मराठी उरली होती, तीही अडखळत. मग मात्र मी घाबरले.

सल्ले

आम्ही पुण्याचे. श्रीकांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीनं गुडगावात नवं ऑफिस उघडलं तेव्हा आम्ही दिल्लीला आलो आणि काही वर्षांनी द्वारकेत फ्लॅट घेतला. मीही गुडगावातच एका कंपनीच्या एचआरमध्ये लागले. सोसायटी नवी, रस्ते रुंद, डोक्यावरून विमानं जाणार, मेट्रो नुकतीच आलेली. लोक देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले आणि सगळेच ऑफिसला पळणारे. एकमेकांना ओळखायचो ते पार्किंगवरून. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले चड्ढाजी तर माझे ठरलेले शत्रू. त्यांची मारुती व्हॅन आमच्या जागेत अर्धी घुसलेली असायची आणि त्यावरून आमचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं.

गार्गीनं धावत जाऊन त्यांचीच बेल वाजवली. पाठोपाठ मजल्यावरचे सगळे आले. श्रीकांत आदल्या दिवशी कामासाठी बंगलोरला गेला होता. मी सोफ्यावर आडवी आणि भोवती सात-आठ चेहरे.

त्यातल्या एकाचंही मन वाईट नव्हतं, हे आधी सांगते. प्रत्येकाला मला वाचवायचंच होतं.

"शुगर डाउन हुई होगी. चीनी-पानी पिलाओ."

"नहीं जी, गैस है. मेरी भाभी को भी ऐसे ही हुआ था."

"तलवे मलो, गरम तेल से."

"सोने दो थोड़ी देर. थक गई हैं. उठेंगी तो बिल्कुल ठीक होंगी."

मी म्हणत होते, "दवाखान्यात न्या, मला दवाखान्यात न्या." गार्गीला तेवढं कळलं. ती म्हणाली, "मम्मा हॉस्पिटल बोल रही है." वरच्या मजल्यावरचे एक काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, घबराओ मत. बड़े हैं ना यहाँ."

मोठी माणसं होती. तिथेच घोटाळा झाला. त्या खोलीत माझं म्हणणं कळणारी एकच व्यक्ती होती आणि ती वयानं सगळ्यात लहान होती.

साखरपाण्याचा पेला ओठांशी आला. एक घोट गेला आणि असा ठसका लागला की जीव जातो की काय वाटलं. मिसेस चड्ढांनी पेला बाजूला केला आणि मला कुशीवर वळवलं. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, त्या नुसत्या घाबरल्या होत्या. त्या घाबरण्याचे माझ्यावर उपकार आहेत.

शेवटी गार्गीनं बाबाला फोन लावला आणि मोबाइल माझ्या तोंडाशी धरला. मी दोन शब्द बोलले असेन. श्रीकांतनं ते ऐकलं आणि फोनवरूनच ओरडला, "चड्ढाजी, ये स्ट्रोक है! अभी ले जाइए, अभी!" त्याच्या वडिलांना झालेला त्यानं पाहिला होता.

दोन गेटं

अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती आलीसुद्धा, पण मागच्या गेटाशी. आमच्या सेक्टरमध्ये ओळीनं एकसारख्या सोसायट्या, एकसारख्या पिवळ्या भिंती. ड्रायव्हरला जे गेट आधी दिसलं तिथे तो थांबला. मागे एक चोरी झाली होती, तेव्हापासून ते गेट कुलूपबंद होतं. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी करोल बागेत खरेदीला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पाचव्या मजल्यावर मला तो ऐकू येत होता. माझ्यासाठी आलेली गाडी भिंतीपलीकडे उभी आहे हे कळत होतं आणि सांगता काही येत नव्हतं.

चड्ढाजींनी खिडकीतून खाली पाहिलं, एक सणसणीत पंजाबी शिवी हासडली आणि म्हणाले, "छोड़ो यार. मेरी वैन में डालो."

मला जेवणाच्या खुर्चीत बसवून, ओढणीनं बांधून लिफ्टमध्ये घातलं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत गेली, कारण प्रत्येक मजल्यावर कुणीतरी बटण दाबून 'काय झालं' बघायला उभं होतं.

आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे डोक्याचा स्कॅन करायची सोयच नव्हती. त्यांनी बीपी पाहिलं आणि मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणून सांगितलं. पुन्हा व्हॅन, पुन्हा रस्ता. मागच्या सीटवर माझं डोकं गार्गीच्या मांडीवर होतं. ती सारखी एकच विचारत होती, "मम्मा, माझं नाव काय? नाव सांग ना." मी सांगत होते. दर वेळी सांगत होते.

निदान

मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी विचारलं, "आखिरी बार बिल्कुल ठीक कब थीं?"

कुणालाच सांगता येईना. एक म्हणाला सकाळी, एक म्हणाला नाश्त्याच्या आधी. गार्गीनं टीव्हीवरच्या कार्यक्रमावरून हिशेब लावून वेळ सांगितली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा किंचित बदलला. स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक वेळेच्या आतच देता येतं. आमची वेळ निघून गेली होती.

"थोड़ा पहले आते तो…" एवढंच त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. संध्याकाळी विमानानं येऊन पोचलेल्या श्रीकांतला त्यांनी तेच समजावलं, तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. मी पलंगावरून बघत होते. मला सांगायचं होतं, 'अरे, मी आहे ना.' तोंडून बाहेर आलं ते नुसतं "आहे, आहे, आहे."

वॉर्डातली भाषा

पक्षाघातानं माझा उजवा हात, अर्धा चेहरा आणि दोन भाषा नेल्या. पाय बराचसा वाचला. डॉक्टर म्हणाल्या, असं होऊ शकतं. पुष्कळदा आईची भाषा तग धरते, मागून शिकलेल्या परत यायला वेळ लागतो.

मग मजा सुरू झाली. आज मी मजा म्हणते, तेव्हा रडायचे. दिवसपाळीच्या सिस्टर शीबा केरळच्या, त्यांची हिंदी त्यांनाच पुरायची नाही. मी मराठीत मागायचे, त्या मल्याळमच्या वळणावर हिंदीत उत्तर द्यायच्या आणि मध्ये गार्गी. दोघींमधला पूल म्हणजे मराठीत काठावर पास होणारी माझी मुलगी.

"कोमट पाणी."

"कोमट मतलब?"

"गरम नाही, गार नाही."

"अच्छा, गुनगुना! सिस्टर, गुनगुना!" सिस्टरना गुनगुनाही कळेना. मग हातवारे.

एका दुपारी मी सूप घेताना म्हणाले, "ठसका लागतोय." गार्गीला ठसका माहीत नव्हता. तिला वाटलं मला अजून हवंय, म्हणून ती पुढचा चमचा भरत होती. मी मान वळवली, ती चिडली, "मम्मा, खायचं नाही तर बरं कशी होणार?" मग तिला काय वाटलं कोण जाणे, चमचा ठेवून तिनं पुण्याला माझ्या आईला फोन लावला. "आजी, ठसका म्हणजे काय गं?" आईनं फोनवरच खोटंखोटं खोकून दाखवलं. गार्गी उठली ती थेट सिस्टरकडे धावली. तपासलं तर गिळण्याचे स्नायूही लुळे पडले होते, अन्न श्वासनलिकेत जात होतं. नाकातून नळी घातली, काही दिवस तोंडानं काही नाही. न्यूमोनिया होता होता टळला, असं डॉक्टर म्हणाल्या.

त्या नळीचा मला फार राग होता. तरी ती घातली त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले. माझं बोलणं कुणापर्यंत तरी पोचलं होतं.

घरात

घरी आल्यावर सगळं सोपं होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. हॉस्पिटलमध्ये सगळेच आजारी असतात, घरी आपण एकटेच.

श्रीकांत माझी वाक्यं पूर्ण करायला लागला. कुणी भेटायला आलं की मी 'म…' म्हणेपर्यंत हा सांगून मोकळा: "तिला म्हणायचंय की बरं वाटतंय." मला म्हणायचं असायचं की पंखा कमी करा. एकदा पाहुण्यांसमोरच मी डाव्या हातानं चमचा फेकला. त्याला लागला नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "मी त्या दिवशी नव्हतो गं. आता प्रत्येक वेळी आधी पोचावं असं वाटतं."

मी त्याचा हात धरला. त्या दिवसापासून तो थांबायला शिकला. त्याच्यासाठी ते अवघड होतं. माझं एक वाक्य संपेपर्यंत चहा गार व्हायचा.

स्पीच थेरपी, बोटांचे व्यायाम, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे. कंटाळवाणं असतं, पण त्यानंच बरं होतं. इंग्रजी तुकड्यातुकड्यांनी आली. हिंदी कुठेतरी अडून बसली होती.

ती आली ती पार्किंगमध्ये. गार्गीचा हात धरून मी खाली फेऱ्या मारत होते आणि समोर चड्ढाजींनी व्हॅन आमच्या जागेत अर्धी घुसवली. माझ्या तोंडून निघालं, "भाईसाहब, गाड़ी सीधी लगाइए!"

चड्ढाजी गाडीतून उतरले, दोन्ही हात वर केले आणि बाल्कनीकडे बघून ओरडले, "सुनती हो! मैडम की हिंदी वापस आ गई!" मिसेस चड्ढांनी वरून टाळ्या वाजवल्या. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. गाडी त्यांनी सरळ लावली नाही ती नाहीच.

मीटिंग

त्याच सुमारास माझ्या मनात एक गोष्ट ठाण मांडून बसली. हॉस्पिटलमध्ये सगळं होतं: स्कॅन, इंजेक्शन, डॉक्टर. माझी वेळ गेली ती तिथे नव्हे. ती गेली माझ्या सोफ्यापासून रस्त्यापर्यंत. आणि तेवढा तुकडा तर आमचाच होता.

सोसायटीच्या सभेत मी बोलायला उभी राहिले. दहा वाक्यांना इतका वेळ लागला की पुढच्या विषयाचे लोक चुळबुळ करायला लागले. पण मागच्या गेटाचा हॉर्न मी सांगितला तेव्हा सेक्रेटरींनी मान खाली घातली. मी म्हणाले, "आपकी ग़लती नहीं. किसी ने सोचा ही नहीं था."

मग मी गेटाची किल्ली खाली ठेवायची आणि पक्षाघाताच्या खुणांचे बोर्ड लावायचे सुचवलं. विरोध झालाच. एक जण म्हणाले, असले बोर्ड लागले तर भाडेकरूंना वाटेल इथे सगळे आजारी आहेत. एक बाई म्हणाल्या, अशुभ आधीपासून कशाला बोलायचं? तेव्हा चड्ढाजी उभे राहिले. "बहनजी, अशुभ मेरी वैन में लेटा था. मैंने चलाई है वैन. मुझसे पूछो."

ठराव मंजूर झाला.

कामं साधी होती. मागच्या गेटाची एक किल्ली वॉचमनच्या चौकीत. ब्लॉकची नावं रस्त्यावरून दिसतील एवढी मोठी. खाली एक व्हीलचेअर. घराघरात एक बेल, दाबली की सगळ्या सोसायटीत वाजेल अशी. स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल कोणतं, हे आधीच विचारून ठेवायचं. एका रविवारी सिस्टर शीबा आल्या, क्लबच्या खोलीत रबरी पुतळ्यावर छाती दाबायला शिकवलं. त्यांच्या हिंदीला आम्ही हसलो आणि आमच्या दाबण्याला त्या हसल्या.

पहिल्या तालमीचा पार फज्जा उडाला. खोट्या पेशंटसाठी बेल वाजली आणि सगळी सोसायटी मदतीला लिफ्टमध्ये शिरली. पेशंट वरच राहिला. पण त्यातूनच ठरलं की दोघांनी पेशंटजवळ राहायचं, एकानं लिफ्ट धरून ठेवायची, एकानं रस्त्याच्या वळणावर उभं राहून गाडीला हात करायचा. बाकीच्यांनी घरी बसायचं. हे शेवटचं लोकांना सगळ्यात जड गेलं.

मी डॉक्टर नाही. तरी तुमच्याजवळ कुणी माझ्यासारखं असलं तर एवढं करा. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एखादं वाक्य बोलायला सांगा. काही वाकडं दिसलं तर झोपू देऊ नका, पाजू नका, वेळ लक्षात ठेवा आणि निघा. आणि घरातलं लहान पोर काही सांगत असेल तर ऐका.

सेनगुप्ता

पुढच्या हिवाळ्यात, शनिवारी दुपारी, बी ब्लॉकच्या सेनगुप्तांच्या घरून बेल आली. ते निवृत्त प्राध्यापक, घरी दोघंच. जेवता जेवता त्यांचा घास तोंडातून बाहेर आला आणि बोलणं बरळल्यासारखं झालं. मिसेस सेनगुप्तांनी पाणी पुढे केलं, थांबल्या, पेला खाली ठेवला आणि बेल दाबली.

मी पोचले तेव्हा मिसेस चड्ढा आधीच तिथे होत्या. "दादा, हँसिए ज़रा." अर्धाच चेहरा हसला. उरलेला घास बोटानं काढला, कुशीवर वळवलं. गार्गीनं हॉस्पिटलला फोन करून सांगितलं की पेशंट निघतोय आणि लक्षणं केव्हा सुरू झाली तेही सांगितलं. या वेळी कुणी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. श्रीकांत लिफ्टचं दार धरून उभा होता. चड्ढाजी वळणावर. अ‍ॅम्ब्युलन्स मागच्याच बाजूनं आली, आणि गेट उघडं होतं.

त्या खोलीत त्या दुपारी एकही सल्ला दिला गेला नाही.

गाडी निघाली. मिसेस सेनगुप्ता आणि श्रीकांत सोबत गेले. मी आणि मिसेस चड्ढा मागे राहिलो, घर आवरायला. टेबलावर दोन ताटं, भात तसाच, माशाची वाटी तशीच. आम्ही ताटं झाकली आणि बसून राहिलो. मिसेस चड्ढा पुटपुटत जप करत होत्या. फोनकडे बघायचं नाही असं ठरवून आम्ही दोघी फोनकडेच बघत होतो.

फोन आला तो श्रीकांतचा. "इंजेक्शन दिलं," तो म्हणाला. मी शब्द जुळवायला लागले. तो थांबला. त्याला आता थांबता येत होतं.

संध्याकाळी मिसेस सेनगुप्तांनीच फोन केला. मागून एक दमलेला, पण स्पष्ट बंगाली आवाज कुणावर तरी तक्रार करत होता.

"सुन रही हो?" त्या म्हणाल्या. "झगड़ा कर रहे हैं डॉक्टर से. बोलते हैं, मेरी मछली कहाँ है."

मी ते मिसेस चड्ढांना सांगितलं. त्यांनी जप अर्ध्यावर सोडला आणि वाटी उचलून फ्रीजमध्ये ठेवली.